मिठाची जकात आणि आपली जमीन

जकात म्हटलं की आपल्या तळवली, घणसोली, ऐरोलीच्या माणसाला ऐरोलीचा नाका आठवतो. मुंबई महापालिकेची जकात भरायला थांबलेल्या ट्रकांच्या त्या रांगा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि नाका गेला. पण जकातीचा खरा इतिहास समजून घ्यायचा तर मिठाकडे जावं लागतं. आणि मीठ हा आपल्या खाडीकाठच्या आगरी माणसाचा पिढीजात धंदा.

१६७१ सालची गोष्ट. गोव्याचा बारदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तिथलं मीठ स्वस्त, म्हणून व्यापारी तिकडे वळू लागले. असंच चाललं असतं तर संगमेश्वरकडचं मीठ आगरातच पडून राहिलं असतं. शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र लिहून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं. हिशेब सरळ होता: जकात धरून ते मीठ संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडलं पाहिजे. बाहेरच्या मालावर बंदी नाही, पण घरच्या माणसाचं पोट आधी. आज याला आपण आयात शुल्क म्हणतो.

इंग्रजांनी हेच हत्यार उलटं फिरवलं. मिठाची जकात चुकू नये म्हणून त्यांनी देशाच्या पोटातूनच सिंधूपासून महानदीपर्यंत नाक्यांची रांग उभी केली. काही भागात तर काटेरी कुंपण लावलं. पहाऱ्याला सुमारे १२ हजार माणसं. हद्द परक्यांसाठी नव्हतीच, आपल्याच गरिबाच्या चिमूटभर मिठासाठी होती. १८७९ मध्ये ती रांग उठली, पण मिठावरचा कर जायला १९४७ उजाडलं.

आता आपल्या दारात या. आज देशाचा मोठा आयात-निर्यात व्यवहार न्हावा-शेवा बंदरातून होतो. कंटेनर उतरतो, कस्टमचे कागद होतात, शुल्क भरलं जातं, मगच माल बाहेर पडतो. हे बंदर १९८९ ला सुरू झालं. त्याआधी तिथे भातशेती होती, मिठागरं होती. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे जीव गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के भूखंडाचं तत्त्व आलं. पण भूखंड प्रत्यक्ष हातात पडायला वारसांना पुढे कित्येक वर्षं झगडावं लागलं.

कस्टमचे नियम म्हटले की आपण विचारतो, दुबईहून किती सोनं आणता येतं? विचारा की. पण दुसराही प्रश्न विचारा. हद्दीवर गोळा होणारा पैसा कुणाच्या कामी येतो? १६७१ च्या पत्रात याचं उत्तर स्पष्ट होतं. ज्यांच्या मिठागरांवर आज कंटेनर उभे आहेत, त्यांच्या नातवंडांना आपण काय उत्तर देणार आहोत?