बायबलमधील स्तुती : अर्थ आणि श्रद्धेतील स्थान

मराठीत 'स्तुती' या शब्दाचे नशीब दुहेरी आहे. देवापुढे म्हटलेल्या स्तोत्रात तो पवित्र ठरतो; पण माणसांच्या व्यवहारात शिरला की त्याला संशयाचा वास येऊ लागतो. 'स्तुतिपाठक' म्हटले की दरबारातला एखादा लाचार माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. 'स्तुतिसुमने उधळली' या शब्दप्रयोगातही बहुधा उपरोधच दडलेला असतो. म्हणूनच बायबल उघडणाऱ्या वाचकाला, देवाची स्तुती करा ही पुन:पुन्हा येणारी आज्ञा थोडी अडखळवते. ज्याने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली, त्याला माणसाच्या प्रशंसेची गरज ती काय?

ही शंका नास्तिकांचीच आहे असे नाही. ब्रिटिश लेखक आणि ख्रिस्ती विचारवंत सी. एस. लुईस यांनी स्तोत्रांवरील आपल्या १९५८ च्या पुस्तकात स्पष्ट कबुली दिली आहे, की श्रद्धेच्या सुरुवातीच्या काळात आपल्याला ही मागणी कौतुकाला हपापलेल्या माणसासारखी वाटत असे. या शंकेचे उत्तर शोधायचे तर बायबलमध्ये स्तुतीसाठी कोणते शब्द वापरले आहेत आणि ती कोणत्या प्रसंगी केली जाते, हे आधी पाहावे लागते.

शब्दांचा मागोवा

जुना करार प्रामुख्याने हिब्रू भाषेत आहे. आपण ज्याला सरसकट 'स्तुती' म्हणतो, त्यासाठी त्या भाषेत अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाची छटा निराळी आहे. 'हालेल' या क्रियापदाचा अर्थ आनंदाने, मोठ्याने वाखाणणे. जगभरच्या चर्चमध्ये घुमणारा 'हालेलूया' हा शब्द त्यापासूनच झाला. 'हालेलू' म्हणजे 'तुम्ही स्तवन करा' आणि 'याह' हे देवाच्या नावाचे लघुरूप. हा उद्गार मुळात अनेकवचनी आहे, हे ध्यानात घ्यावे. तो एकट्याने पुटपुटण्याचा मंत्र नसून इतरांना दिलेली हाक आहे. हेच क्रियापद माणसांसाठीही येते. उत्पत्तीच्या पुस्तकात फारोचे सरदार साराच्या रूपाची वाखाणणी करतात, तिथेही तेच आहे.

दुसरा शब्द 'यादाह'. मान्य करणे, उघडपणे कबूल करणे हा त्याचा गाभा. याकोबाची पत्नी लेआ हिला चौथा मुलगा झाला तेव्हा तिने त्याचे नाव 'यहूदा' ठेवले आणि बायबल त्या नावाचा संबंध याच शब्दाशी जोडते. पुढे 'यहुदी' ही संज्ञा या नावावरूनच आली. नवऱ्याचे प्रेम न लाभलेल्या, उपेक्षित स्त्रीच्या तोंडून निघालेला हा कृतज्ञतेचा उद्गार एका समाजाची ओळख बनून राहिला आहे.

याच धातूपासून 'तोदा' हे नाम झाले. आजच्या इस्रायलमध्ये कोणालाही 'धन्यवाद' म्हणताना हाच शब्द वापरतात. जुन्या करारात मात्र त्याचा आवाका मोठा आहे. लेवीयच्या सातव्या अध्यायात 'तोदा' हे उपकारस्तुतीच्या अर्पणाचे नाव आहे. त्या अर्पणाचे मांस त्याच दिवशी संपवावे, सकाळपर्यंत ठेवू नये, असा दंडक होता. एवढे अन्न एका दिवसात संपवायचे तर आप्तेष्टांना पंगतीला बोलावणे ओघानेच आले. यहोशवाच्या सातव्या अध्यायात हाच शब्द अगदी वेगळ्या प्रसंगी येतो. लुटीतला माल लपवणाऱ्या आखानाला यहोशवा सांगतो, की देवाला 'तोदा' दे आणि काय केलेस ते मला सांग. इथे तोदा म्हणजे गुन्ह्याची कबुली. स्तुती आणि कबुलीजबाब यांना एकच शब्द पुरावा, यातच हिब्रू मनाची धारणा दिसते. जे खरे आहे ते देवापुढे आणि चारचौघांत मान्य करणे, हे दोहोंचेही सार आहे. खुशामत याच्या नेमकी उलट असते. तिला सत्य परवडत नाही.

याखेरीज गुडघ्याच्या हिब्रू शब्दाशी नाते सांगणारा 'बाराख' आणि वाद्याच्या साथीने गाण्यासाठीचा 'झामर' हेही शब्द आहेत. नव्या कराराच्या ग्रीक भाषेतील 'युखारिस्तिया' म्हणजे आभारप्रदर्शन. ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ होणाऱ्या विधीला याच शब्दावरून नाव मिळाले.

रडगाण्यांनी भरलेला स्तुतिग्रंथ

स्तुतीचा मुख्य ग्रंथ म्हणजे मराठी बायबलमधील 'स्तोत्रसंहिता'. तिच्यात १५० स्तोत्रे असून तिचे पाच भाग आहेत. पहिले चार भाग स्तवनाच्या छोट्या घोषाने संपतात आणि अखेरचे स्तोत्र तर आरंभापासून शेवटपर्यंत स्तवनच आहे. ७३ स्तोत्रांच्या शीर्षकांत दावीदाचे, तर १२ स्तोत्रांच्या शीर्षकांत आसाफाचे नाव आहे. हिब्रूत या संपूर्ण ग्रंथाला 'तेहिल्लीम' म्हणजे 'स्तवने' म्हणतात.

प्रत्यक्षात ग्रंथ वाचू लागले की आश्चर्य वाटते. यातील एक तृतीयांशाहून अधिक स्तोत्रे विलापाची आहेत. आजार, निंदा, पराभव, मित्राचा विश्वासघात आणि देवाचे मौन यांविषयीच्या तक्रारी पानोपानी आहेत. तेरावे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे. किती काळ, असा प्रश्न त्यात चार वेळा येतो आणि तरीही शेवट गाण्याने होतो. बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात देवाने आपल्याला टाकून दिल्याच्या आक्रोशाने होते. मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांनुसार क्रुसावरील येशूच्या तोंडी हेच शब्द होते. त्याच स्तोत्राच्या उत्तरार्धात स्तवन आहे आणि दीनदुबळे पोटभर जेवतील ही ग्वाहीही आहे.

असे वळण प्रत्येक ठिकाणी येते असे मात्र नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते; शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही. तरीही संकलकांनी ते 'स्तवनां'च्या ग्रंथातून वगळले नाही. देवाकडे तोंड करून केलेली तक्रार हीसुद्धा त्याच्यावरील विश्वासाचीच खूण आहे, असे त्यांनी मानले असावे. विठ्ठलाशी भांडणाऱ्या तुकोबांचे अभंग ज्यांच्या कानावर आहेत, त्या मराठी वाचकाला हे समजणे अवघड जाऊ नये.

अमेरिकन अभ्यासक वॉल्टर ब्रूगमन (१९३३-२०२५) यांनी १९८६ मधील एका निबंधात विलाप हरवल्याची किंमत किती मोठी असते, हे दाखवून दिले. उपासनेतून तक्रार हद्दपार झाली की भक्ताला देवाशी खरे बोलता येत नाही आणि न्यायाचा प्रश्नही हळूहळू दडपला जातो, असा त्यांचा युक्तिवाद होता. नुकतेच मूल गमावलेल्या आईला 'देवाची स्तुती कर' असे सांगणाऱ्या उत्साही धार्मिकांनी हा युक्तिवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. बायबल तिला आधी रडण्यासाठी शब्द देते.

देवाला स्तुती कशाला हवी?

आता मूळ शंकेकडे वळू. पन्नासाव्या स्तोत्रात देव स्वत:च सांगतो, की मला भूक लागली तरी मी तुम्हाला सांगणार नाही, कारण सारे जग माझेच आहे. बैलबोकडांच्या बळींऐवजी तो कृतज्ञतेचे अर्पण मागतो. म्हणजे स्तुतीने देवाची कोणतीही उणीव भरून निघत नाही, हे बायबललाच मान्य आहे. बदल व्हायचा तो स्तुती करणाऱ्यात.

लुईस यांनी यावर काढलेला निष्कर्ष रोजच्या अनुभवाशी जुळणारा आहे. चांगले गाणे ऐकले किंवा सुंदर डोंगर पाहिला की शेजारच्याला सांगितल्यावाचून राहवत नाही आणि सांगितल्याशिवाय तो आनंद पुराही होत नाही. त्यांच्या मते प्रशंसा म्हणजे आनंदाची पूर्तता. जर्मन अभ्यासक क्लाउस वेस्टरमान (१९०९-२०००) यांनी भाषेच्या अंगाने आणखी एक मुद्दा मांडला. हिब्रूत केवळ 'आभार मानणे' एवढाच अर्थ असलेला स्वतंत्र शब्द नाही. जिथे आपण आभार मानू, तिथे हिब्रू माणूस स्तवन करतो. आभार खासगीत मानता येतात, स्तवनाला मात्र श्रोते लागतात. देवाने काय केले हे इतरांना सांगणे, म्हणजेच साक्ष देणे, हा त्याचा आवश्यक भाग होय.

नाकारलेली स्तुती

एवढे महत्त्व असूनही बायबल स्तुतीला बिनशर्त पुण्य मानत नाही. इ.स.पू. आठव्या शतकात आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ उत्तरेकडील इस्राएलच्या राज्यात गेला. तेथे सुबत्ता होती, उत्सव थाटात होत होते आणि त्याच वेळी गरिबांना पायताणाच्या जोडासाठी विकले जात होते. आमोसाने देवाचा जो निरोप सांगितला तो कठोर होता : तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर करा, वीणांचे सूर मला ऐकायचे नाहीत, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. यशयाच्या एकोणतिसाव्या अध्यायात ओठांनी सन्मान करून मनाने दूर राहणाऱ्या लोकांबद्दल असाच विषाद आहे. नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेले पत्र तर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवते. एका वचनात 'स्तुतीचा यज्ञ' करायला सांगितले आहे आणि लगेच पुढच्या वचनात परोपकार व दानधर्म विसरू नका, अशा यज्ञांनी देव संतुष्ट होतो, असे बजावले आहे.

स्तुती कोणाची?

खुशामत बलवानाची होते आणि तिच्या मोबदल्यात काही मिळवायचे असते. बायबलमधील स्तुतीच्या अनेक संस्मरणीय प्रसंगी मिळवण्याजोगे हाती काहीच नसते. अंजिराला फळ नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरे नाहीत, असा उजाड हिशेब मांडून हबक्कूक संदेष्टा तरीही आनंद करण्याचा निश्चय करतो. फिलिप्पै नगरात फटके खाऊन, पाय खोड्यात अडकवलेल्या अवस्थेत पौल आणि सीला मध्यरात्री गीते गातात आणि बाकीचे कैदी ती ऐकत असतात.

रोमन साम्राज्यात तर हा प्रश्न जीवन-मरणाचा बनला. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा राज्यपाल धाकटा प्लिनी याने सम्राट ट्राजन याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात, असे त्याच्या चौकशीत आढळले. आरोपींची परीक्षा त्याने सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि मद्य अर्पण करायला लावून घेतली. अर्पण करणारा सुटे, आपल्या म्हणण्यावर ठाम राहणाऱ्याला मृत्युदंड होई. ज्या दरबारात सर्वांनी एकाचीच स्तुती करावी अशी सक्ती असते, तेथे दुसऱ्या कोणाची स्तुती करणे हा राजद्रोह ठरतो. प्रकटीकरणाच्या पुस्तकातील सिंहासनापुढची गीते या पार्श्वभूमीवर वाचली तर त्यांचा धीटपणा कळतो.

मराठी भूमीतील स्तवन

महाराष्ट्राला ही परंपरा दोन वाटांनी परिचित झाली. कोकणातील बेने इस्राएल समाज मराठी भाषा बोलत आला आणि त्याच्या सिनेगॉगमध्ये दावीदाची स्तोत्रे हिब्रूत म्हटली जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजाने बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने सुरू केली. दुसरी वाट ख्रिस्ती मिशनांची. मराठी नवा करार १८११ मध्ये सेरामपूरहून प्रसिद्ध झाला. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावी राहून मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. हे काम १९२२ मध्ये त्यांच्या मृत्यूच्या सुमारास पुरे झाले.

स्तवनाला मराठी वळण देण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्याकडे जाते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांना परदेशी चालींची भाषांतरित गीते परकी वाटत. त्यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन हीच स्तवनाची माध्यमे केली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत. त्यांची पदे आजही 'उपासना संगीत' या संग्रहातून मराठी चर्चमध्ये गायिली जातात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा साऱ्या ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' सुरू केला.

दरबार म्हटला की स्तुतिपाठक आलेच, असा आपला अनुभव. बायबलने कल्पिलेल्या दरबारात मात्र तक्रार करणाऱ्याला हाकलून देत नाहीत, चोरी कबूल करणाऱ्याचे शब्दही स्तुतीत मोजले जातात आणि गरिबाला लुबाडून आलेल्याचे सुरेल गाणे ऐकून घेतले जात नाही. देवाची स्तुती करा या आज्ञेचा अर्थ या तिन्ही गोष्टींसह घेतला, तरच तो पुरा होतो.