नागपूरची सकाळ, दर्बानची रात्र

हॅन्सी क्रोनिए आपला नव्हता, तरी नव्वदच्या दशकात उदगीरसारख्या गावांतल्या पोरांनी ज्या मोजक्या परदेशी कर्णधारांवर जीव लावला, त्यांत त्याचा नंबर फार वर होता. ब्लूमफाँटेनचा हा उंच माणूस शिस्तीचा आणि देवभोळा होता. २४व्या वर्षी संघाची धुरा त्याच्या खांद्यावर आली. पुढे ५३ कसोटींत तो कर्णधार होता, त्यातल्या २७ त्याने जिंकल्या. एकदिवसीय सामने १३८, त्यात विजय ९९. वर्णभेदामुळे वाळीत पडलेला त्याचा देश नोव्हेंबर १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतला तो कोलकात्याच्या ईडन गार्डनवरच. त्यामुळे या संघाबद्दल आपल्याकडे माहेरवाशिणीबद्दल असावा तसा जिव्हाळा होता.

तो जिव्हाळा तुटला ११ एप्रिल २००० रोजी. दर्बानमध्ये तेव्हा पहाटेचे तीन वाजत होते आणि उदगीरला साडेसहा. पण त्या पहाटेकडे जाणारी वाट बरीच आधी सुरू झाली होती, आणि तिचं सर्वांत काळं वळण आपल्या महाराष्ट्रात, नागपुरात होतं.

८५ दिवस आधी. १७ जानेवारी, सेंच्युरियन

इंग्लंडविरुद्धच्या कसोटीचे तीन दिवस वाया गेले होते. सामना अनिर्णित राहणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्या संध्याकाळी मार्लन अॅरनस्टॅम नावाच्या सट्टेवाल्याने क्रोनिएला गाठलं. सामन्याचा निकाल लागेल असं काहीतरी कर, एवढीच त्याची मागणी होती. दुसऱ्या दिवशी क्रोनिएने इंग्लंडच्या नासिर हुसेनपुढे प्रस्ताव ठेवला, की दोन्ही संघांनी एकेक डाव सोडून द्यायचा. कसोटीच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. हुसेनला पडद्यामागचं काहीच ठाऊक नव्हतं. इंग्लंडने २४९ धावांचं लक्ष्य दोन गडी राखून गाठलं. कंटाळवाण्या सामन्यात जीव ओतणारा दिलदार कर्णधार म्हणून क्रोनिएकडे अनेकांनी कौतुकाने पाहिलं. त्याला मात्र सुमारे ५० हजार रँड आणि एक चामड्याचं जॅकेट मिळालं.

४६ दिवस आधी. २५ फेब्रुवारी, मुंबई

वानखेडेवरच्या कसोटीचा हा मधला दिवस. सामना सुरू होण्याआधी क्रोनिएने पीटर स्ट्रायडमला सुचवून पाहिलं होतं, की पहिल्या डावात संघ २५०च्या आत राहिला तर ७० हजार रँड. स्ट्रायडमने नकार दिला. पुढे बंगळूरला क्रोनिएने कॅलिस, बाउचर आणि क्लूसनर यांच्यापुढे असाच खडा टाकून पाहिला. ते समजले, कर्णधार थट्टा करतोय.

भारताने दोन्ही कसोट्या गमावल्या. १९८७ नंतर प्रथमच आपण घरच्या मैदानावर मालिका हरलो. मुंबई तर तीन दिवसांत आटोपली. सचिनने कप्तानी सोडली. आपल्या माणसांनी निराश केलं म्हणून लोक चिडले होते, आणि समोरच्या कर्णधाराबद्दलचा आदर उलट वाढला होता.

२३ दिवस आधी. १९ मार्च, नागपूर, सकाळ

रविवार होता आणि त्या संध्याकाळी होळी पेटायची होती. एकदिवसीय मालिका आपण वडोदऱ्यात जिंकून ठेवली होती, सचिनच्या १२२ धावांवर. नागपूरच्या पाचव्या सामन्याला निकालाच्या दृष्टीने काही अर्थ उरला नव्हता, आणि असाच सामना सट्टेवाल्यांच्या सोयीचा असतो.

हर्शेल गिब्ज आणि हेन्री विल्यम्स एकाच खोलीत उतरले होते. सामन्याच्या सकाळी क्रोनिए त्या खोलीत आला. त्याच्या चेहऱ्यावर मोठं हसू होतं, असं गिब्जने पुढे शपथेवर सांगितलं. त्याने दोघांपुढे सौदा मांडला. गिब्जने २०च्या आत बाद व्हायचं. विल्यम्सने दहा षटकांत ५०च्या वर धावा द्यायच्या. प्रत्येकाला १५ हजार डॉलर. दोघेही हो म्हणाले.

या प्रसंगापाशी थांबावंसं वाटतं. संघात गॅरी कर्स्टनसारखे मुरलेले, घट्ट पाय रोवलेले खेळाडू होते. कॅलिस-क्लूसनरपुढे जे थट्टेच्या आवरणाखाली बोललं गेलं, ते या खोलीत उघड बोललं गेलं. गिब्ज आणि विल्यम्स दोघेही केप प्रांतातले, दक्षिण आफ्रिकेच्या जुन्या वर्णव्यवस्थेत ‘कलर्ड’ म्हणून वेगळ्या रांगेत उभ्या केलेल्या समाजातले. विल्यम्स तर संघात नवखा. ज्याच्या एका शब्दावर संघातली जागा टिकते किंवा जाते, असा कर्णधार सकाळी खोलीत येऊन हसत काही मागतो, तेव्हा नाही म्हणायला लागणारं बळ सगळ्यांकडे सारखं नसतं. क्रोनिएला हे पुरतं कळत होतं. दिल्ली पोलिसांनी पुढे उघड केलेल्या फोनवरच्या बोलण्यात त्याने बुकीकडे प्रत्येकी २५ हजार डॉलर मागितले होते आणि या दोघांना सांगितले १५ हजार. मधले दहा-दहा हजार कोणाचे होते, हे सांगायला नको.

त्याच दिवशी, नागपूर, मैदानात

गिब्ज खेळायला उतरला आणि वीस धावा कधी मागे पडल्या ते त्यालाही कळलं नसावं. ५३ चेंडूंत ७४. चेंडू बॅटवर येत होता आणि हात थांबत नव्हता. खेळ असा खेळाडूच्याही आधी जागा होतो. विल्यम्सने ११ चेंडू टाकले आणि खांदा दुखावला म्हणून तो बाहेर गेला. दक्षिण आफ्रिका ३२० पर्यंत पोचली. सचिनने ९३ केल्या, पण आपण ३१० वर थांबलो, दहा धावांनी हरलो.

ठरलेलं काहीच घडलं नाही. गिब्जला पैसे मिळाले नाहीत, विल्यम्सलाही नाहीत. सामना पाहणाऱ्या लाखो लोकांना एक चुरशीची लढत पाहिल्याचं समाधान मिळालं. उदगीरमध्ये लोक टीव्ही बंद करून होळीच्या तयारीला लागले असतील.

पण दिल्लीत पोलिसांची टेप तोवर फिरून गेली होती. गुन्हे शाखा खंडणीच्या एका प्रकरणात फोन ऐकत होती आणि ऐकता ऐकता दक्षिण आफ्रिकेच्या कर्णधाराचा आवाज कानी पडला. कोणी क्रिकेटचा शोध घ्यायला निघालं नव्हतं.

चार दिवस आधी. ७ एप्रिल, दिल्ली

गुढीपाडवा होऊन दोनच दिवस झाले होते. सहपोलीस आयुक्त के. के. पॉल यांनी पत्रकारांसमोर क्रोनिएचं नाव घेतलं आणि संभाषणाची लिखित प्रत दाखवली.

कोणी विश्वास ठेवला नाही. दक्षिण आफ्रिकेत तर संताप उसळला. तिथल्या क्रिकेट मंडळाचे प्रमुख अली बाकर आपल्या कर्णधाराच्या पाठीशी उभे राहिले. सरकारने आपल्या नागरिकाचे फोन ऐकल्याबद्दल नाराजी कळवली. वाहिन्यांवर ते संभाषण भारतीय ढंगाच्या इंग्रजीत वाचून दाखवलं गेलं, तेव्हा तिकडच्या लोकांनी हा आमच्या हॅन्सीचा आवाजच नाही म्हणून ते उडवून लावलं. आपल्याकडेही अनेकांना तसंच वाटत होतं. पोलीस काहीही करतात, हा आपला अनुभव. क्रोनिए असं करणार नाही, ही आपली श्रद्धा. त्या दिवशी श्रद्धेने अनुभवालाच साक्षीला बोलावलं.

दोन दिवस आधी. ९ एप्रिल, दर्बान

रविवार. किंग्जमीड मैदानावर पत्रकार परिषद झाली. शेजारी बाकर. कोणत्याही सामन्यासाठी एक पैसाही घेतला नाही, असं क्रोनिएने ठामपणे सांगितलं. संघातल्या कोणालाही काही सुचवलं नाही, असंही. शेकडो लोकांनी त्याला पाठिंबा कळवला. नागपूरच्या त्या खोलीतल्या दोघांनी तोंड मिटून ठेवलं, कारण खोटं बोला असं कर्णधारानेच सांगितलं होतं.

काही तास आधी. १० एप्रिलची रात्र, दर्बान

बुधवारी किंग्जमीडवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध सामना होता. संघ हॉटेलात होता. क्रोनिएला झोप लागत नव्हती. त्याने हाताने लिहून एक कबुली तयार केली.

पहाटे तीन. ११ एप्रिल, दर्बान

त्याने सुरक्षा सल्लागार रोरी स्टाइन यांना उठवलं. हे स्टाइन पूर्वी नेल्सन मंडेलांच्या सुरक्षा पथकात होते. ज्या माणसाने मंडेलांचं रक्षण केलं, त्याच्या हातात दक्षिण आफ्रिकेच्या कर्णधाराने आपल्या पापाचा कागद ठेवला. मग बाकर यांना फोन केला. आपण पूर्णपणे खरं बोललो नव्हतो, असं तो म्हणाला. पैसे घेतले होते, दहा ते पंधरा हजार डॉलर, पण फक्त माहिती आणि अंदाज पुरवल्याबद्दल. कबुलीतही त्याने अर्धंच सांगितलं.

उजाडल्यावर त्याची कप्तानी गेली. क्रीडामंत्र्यांपुढे उभं राहायला त्याला केपटाऊनला नेण्यात आलं. आपली फसवणूक झाली, हे बाकर यांना जाहीरपणे सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी शॉन पोलॉकच्या नेतृत्वाखाली संघ मैदानात उतरला आणि सहा गड्यांनी जिंकला.

त्यानंतर

जूनमध्ये या प्रकरणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती किंग आयोगापुढे सगळं उलगडलं. गिब्जने ८ जूनला तोंड उघडलं, आठवड्याभरात क्रोनिएने आपलं निवेदन वाचलं. सैतानाने मोहात पाडलं, असं तो म्हणाला. १९९६ मध्ये कानपूरला आपली बुकीशी ओळख मोहम्मद अझरुद्दीनने करून दिली, असंही. अझरने ते नाकारलं.

उदगीरच्या काळजाला खरा चटका बसला तो इथे. हा भाग निजामाच्या राज्यातला, आणि आजही आम्हाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं. अझर आमच्या बाजूचा. मनगटाचा तो झटका या भागातल्या किती पोरांनी गल्लीत गिरवला असेल! त्याच मार्चमध्ये बंगळूरच्या कसोटीत त्याने १०२ केल्या होत्या आणि ती त्याची ९९वी, शेवटची कसोटी ठरली. डिसेंबरमध्ये भारतीय मंडळाने त्याच्यावर आजन्म बंदी घातली. ही बंदी बेकायदा असल्याचा निर्णय आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने दिला तो नोव्हेंबर २०१२ मध्ये. कायद्याच्या दृष्टीने बंदी पुसली गेली, पण मधली बारा वर्षं पोरांच्या मनातून तो उतरला होता आणि ती जागा कोणत्याही निकालाने परत भरली नाही.

क्रोनिएवर ऑक्टोबर २००० मध्ये आजन्म बंदी आली. १ जून २००२ रोजी जॉर्ज शहराजवळ मालवाहू विमान डोंगरावर आदळून त्याचा मृत्यू झाला. तो ३२ वर्षांचा होता. दोन वर्षांनी त्याच्या देशात सर्वकाळच्या थोर दक्षिण आफ्रिकनांसाठी लोकांनी मतं दिली, तेव्हा तो ११व्या क्रमांकावर आला. पश्चात्ताप करून अकाली गेलेल्या माणसाबद्दल लोकांचं मन हळवं होतं, हे मला समजतं. चामड्याचं जॅकेट आणि डॉलर यांबद्दल मीही त्याला माफ करू शकेन. पण गिब्ज आणि विल्यम्स यांना सहा महिन्यांची बंदी आणि दंड भोगावा लागला, गिब्जला ६० हजार रँड आणि विल्यम्सला १० हजार, तेही न मिळालेल्या पैशांसाठी आणि ज्याच्यावर त्यांचा सर्वांत जास्त विश्वास होता त्याच्या सांगण्यावरून. नागपूरच्या त्या सकाळी क्रोनिएने सामन्यापेक्षा मोठं काहीतरी विकलं, आणि माझ्या लेखी तो गुन्हा माफ होत नाही.