उत्तर कोकणातील शरद ऋतूची मासेमारी

महाराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्यावर, झाईपासून डहाणू, सातपाटी, अर्नाळा, वसई, उत्तन, वर्सोव्यापर्यंत, पावसाळी बंदी उठल्यावर सुरू होऊन मार्गशीर्षापर्यंत जोरात चालणारी सागरी मासेमारी. कोळीवाड्यांच्या वर्षाच्या मिळकतीचा मोठा भाग याच महिन्यांत उभा राहतो. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकण या घाटावरच्या पट्ट्यात पोहोचणारे पापलेट आणि बोंबील बरेचसे या हंगामातले असतात.

हंगाम कधी उघडावा हा या किनाऱ्यावरचा जुना आणि अजून न मिटलेला प्रश्न आहे. परंपरेने नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच होड्या लोटत. राज्याची बंदीही पूर्वी 10 जूनपासून 15 ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. आता पश्चिम किनाऱ्यासाठी 1 जून ते 31 जुलै असा 61 दिवसांचा एकच काळ ठरलेला आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मात्र समुद्र खवळलेलाच असतो. वैतरणा आणि उल्हास यांचे गढूळ पाणी खाड्यांतून बाहेर पडत असते आणि पापलेटची पिल्ले अजून वाढीला लागलेली असतात. बंदी 15 ऑगस्टपर्यंत असावी ही मच्छीमार संघटनांची मागणी म्हणूनच रास्त आहे. त्या दोन आठवड्यांत पिल्लू मारले, तर दिवाळीत भरणारी टोपली ऑगस्टमध्येच रिकामी होते. चंदेरी पापलेट 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. त्याच वर्षी राज्याने अनेक जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो 135 मिलिमीटर आहे. राज्यमाशाचा मान टिकवायचा तर या आकाराची अंमलबजावणी बंदरावर आणि बाजारात दोन्हीकडे हवी.

या किनाऱ्यावरच्या मासेमारीची खरी चावी भरती-ओहोटीत आहे. समुद्रबूड जमीन येथे रुंद, उथळ आणि चिखलाची आहे. मुंबईत उधाणाची भरती पाच मीटरच्या आसपास जाते आणि खंबातच्या आखाताकडे सरकावे तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी. भरतीची वेळ काढायला कोळी तिथीची पाऊणपट करतात: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो. त्यानंतर सुमारे सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. थोडाफार फरक पडतो, पण जाळे कधी लावायचे आणि कधी उचलायचे हे ठरवायला एवढा हिशेब पुरतो.

डोल जाळे पूर्णपणे भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. तोंडाला रुंद आणि मागे निमुळते होत गेलेले हे पिशवीसारखे जाळे समुद्रात खुंटांना किंवा नांगरांना बांधून प्रवाहासमोर उघडे ठेवतात. ओढीबरोबर वाहत आलेली मासळी मागच्या निमुळत्या टोकात, म्हणजे खोल्यात, जमते. पाणी थांबते त्या थोड्या वेळात खलाशांना जाळे ओढून खोला मोकळा करावा लागतो, कारण ओढ उलटली की जाळ्याचे तोंड फिरते. उधाणात डोल भरते. भांगात पाण्याला जोरच नसतो, म्हणून तेव्हा अनेक जण जाळी काढून दुरुस्तीला घेतात. डोलीत मुख्यतः बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आणि वाकटी सापडतात. पापलेट, घोळ, दाढा, सुरमई यांच्यासाठी दालदी जाळी घेऊन बोटी खोल पाण्यात जातात. सातपाटीचे नाव पापलेटसाठी झाले ते या जाळ्यांमुळे.

बोंबील हा या किनाऱ्याचा खास मासा. भारतात तो मुख्यतः गुजरात-उत्तर कोकणाच्या पट्ट्यात आणि पूर्वेला बंगालच्या बाजूला सापडतो. मधल्या लांब किनाऱ्यावर फारसा मिळत नाही. त्याच्या अंगात नऊ दशांशाच्या आसपास पाणी असते, त्यामुळे तो लवकर उतरतो. म्हणूनच ऑक्टोबरचे ऊन कोळणींना हवे असते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूच्या दांड्यावर टांगतात. वारा लागला आणि ऊन कडक असले, तर काही दिवसांत मासा वाळून कडक होतो. परतीचा पाऊस आला, तर तोच माल सडतो आणि पकडलेल्या मासळीचे डिझेलही सुटत नाही. भातपिकाच्या नुकसानीचे पंचनामे होतात, तसेच सुकत घातलेल्या मासळीचेही व्हायला हवेत.

शरदात रात्री जमिनीकडून मतलई वारे आणि दुपारी समुद्राकडून खारे वारे वाहतात. शिडाच्या काळात पहाटे बाहेर पडून दुपारनंतर परतण्याची रीत याच वाऱ्यांवर बसली होती. मात्र हाच काळ अरबी समुद्रातील चक्रीवादळांचाही आहे. 11 नोव्हेंबर 2009 रोजी ‘फयान’ अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला आले. 2019 मध्ये ऑक्टोबरअखेर ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ या वादळांनी ऐन हंगामात बोटी बंदरात अडकवल्या. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला की तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, बोट बाहेर काढत नाही.

घाटावरची मागणी पंचांग पाहून चालते. बंदी उठते तेव्हा श्रावण असतो किंवा तोंडावर आलेला असतो. मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र. त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत पुण्याच्या गणेश पेठेतल्या घाऊक बाजारात मागणी थंड राहते आणि दसऱ्यानंतर एकदम उचल घेते. पिंपरीच्या मासळी विक्रेत्यांचे गणितही तसेच. कारखान्यांतल्या कामासाठी कोकणातून, बंगाल-ओडिशातून येथे आलेल्या कुटुंबांमुळे समुद्राच्या मासळीबरोबर रोहू-कतलाही खपतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पुन्हा उठाव कमी होतो. मावळ-खेडच्या आठवडे बाजारांत मात्र सुकट आणि सुके बोंबील वर्षभर विकले जातात. पावसाळ्यात समुद्र बंद असताना कालवणाला तेच असतात, आणि त्यांतला चांगला वाळलेला माल बहुधा आदल्या ऑक्टोबर ते डिसेंबरमधला असतो.