प्रतिकारक उंदरांचा प्रश्न : डासवाहित विषाणू आणि उपजत प्रतिकारक्षमता यांच्या अभ्यासातील एक प्रकरण (१९३०–२००२)

१

पीतज्वर, डेंग्यू, पश्चिम नाईल ज्वर इत्यादी डासवाहित रोगांच्या अभ्यासाचा इतिहास बहुधा दोन शोधांभोवती गुंफला जातो. क्यूबातील वैद्य कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये मांडलेली आणि वॉल्टर रीड यांच्या मंडळाने १९०० मध्ये हवानाजवळ प्रयोगांनी सिद्ध केलेली डासाची भूमिका हा पहिला. मॅक्स थायलर व त्यांचे सहकारी यांनी १९३७ मध्ये पुढे आणलेली पीतज्वराची ‘१७डी’ ही लस हा दुसरा. पहिल्याने रोगाची वाट कळली, दुसऱ्याने ती अडविता आली. परंतु या दोहोंच्या मध्ये तिसरा एक प्रश्न उभा होता व त्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. विषाणू शरीरात शिरला आणि तरीही प्राणी आजारी पडला नाही, तर ते कशामुळे? पूर्वी रोग झालेला नाही, लस दिलेली नाही, रक्तात प्रतिपिंडे नाहीत. अशा प्राण्याचे रक्षण कोण करते?

या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास सुमारे सत्तर वर्षे लागली. साधनांची उणीव हे या विलंबाचे एक कारण होय. पण ते एकमेव नव्हे. ज्या प्राण्यावर प्रयोग होत होते त्या प्राण्याच्या निवडीतच उत्तराचा एक भाग झाकला गेला होता.

२

प्रतिकारक्षमतेचे उपजत आणि अर्जित असे दोन प्रकार मानण्यात येतात. उपजत प्रतिकारक्षमतेचा विचार शास्त्रीय पायावर प्रथम उभा केला तो एली मेच्निकॉफ यांनी. १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा टोचला. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या कोशिकांचा गराडा पडलेला त्यांना दिसला. परकीय पदार्थाला वेढून गिळंकृत करणाऱ्या या भक्षिकोशिका शरीराच्या मूळच्या रक्षक आहेत, असा सिद्धांत त्यांनी मांडला. याउलट, प्रतिकाराचे मर्म रक्तद्रवातील प्रतिपिंडांत आहे असे मानणारा पक्ष जर्मनीत प्रबळ होता. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेच्निकॉफ आणि पॉल एर्लिख यांना विभागून देण्यात आले, तेव्हा दोन्ही पक्षांचा गौरव झाला. तथापि पुढील अर्धशतक प्रतिपिंडांचेच ठरले. मेच्निकॉफ यांचे शिष्य वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत सिद्ध केलेली प्लेगची लसही या दुसऱ्या, म्हणजे अर्जित प्रतिकाराच्या, प्रवाहातच मोडते.

या वर्चस्वाचे एक कारण अगदी व्यावहारिक होते. प्रतिपिंडे मोजता येत. रक्तद्रव क्रमाने विरल करीत जावे आणि कोणत्या पातळीपर्यंत तो विषाणूला निष्प्रभ करतो ते पाहावे, एवढे केले की आकडा हाती येई. उपजत प्रतिकाराला असा आकडा नव्हता. जो प्राणी आजारी पडत नसे तो ‘प्रयोगास अयोग्य’ म्हणून बाजूला काढण्यात येई.

३

पीतज्वराच्या संशोधनात हे बाजूला काढणे विशेष स्पष्ट दिसते. पश्चिम आफ्रिकेत काम करणाऱ्या स्टोक्स, बाउअर व हडसन यांना १९२७ मध्ये मूळच्या भारतीय असलेल्या ऱ्हीसस माकडांत हा रोग उत्पन्न करण्यात यश आले. आफ्रिकेतील माकडे टोचलेल्या विषाणूने सहसा दगावत नसत. भारतीय माकड दगावे. म्हणून प्रयोगासाठी भारतीय माकड पसंत पडले. आफ्रिकी माकड का वाचते हा प्रश्न त्या घाईत मागे पडला, आणि ती घाई समजण्यासारखीही होती. स्टोक्स स्वतः त्याच वर्षी पीतज्वराने मरण पावले.

१९३० मध्ये थायलर यांनी दाखविले की, विषाणू मेंदूत टोचला असता पांढरे उंदीरही मस्तिष्कशोथाने मरतात. माकड महाग, उंदीर स्वस्त. या शोधाने संशोधनाचे अर्थशास्त्रच बदलले. लगेच १९३१ मध्ये सॉयर व लॉइड यांनी उंदरांवरील संरक्षण-परीक्षा प्रचारात आणली. विषाणू आणि तपासावयाचा रक्तद्रव ही उंदराला टोचावयाची. उंदीर जगला तर रक्तद्रवात प्रतिपिंडे आहेत, मेला तर नाहीत. जगभरच्या पाहण्या या धर्तीच्या परीक्षांवर उभ्या राहिल्या. रॉकफेलर प्रतिष्ठान आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने १९५२ मध्ये पुण्यास विषाणू संशोधन केंद्र (आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) स्थापन झाले. भारतातील रहिवाशांच्या रक्तद्रवांची स्मिथबर्न व त्यांचे सहकारी यांनी केलेली व १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणीही याच परंपरेतील होय. जपानी मस्तिष्कशोथ, पश्चिम नाईल, झिका इत्यादी विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे भारतीय रक्तात आढळतात, हे तिच्यामुळे कळले.

या परीक्षेची एक अट होती. उंदीर पूर्णपणे संवेदनशील असला पाहिजे. तो स्वतःच प्रतिकारक असेल, तर रक्तद्रवामुळे जगला की स्वभावतः जगला हे सांगता येणार नाही. अर्थात जो उंदीर हमखास मरतो तोच चांगला उंदीर, हा प्रयोगशाळेचा दंडक झाला.

४

या दंडकाला छेद देणारे काम न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत लेस्ली वेब्स्टर करीत होते. साथीच्या काळात काही व्यक्ती आजारी पडतात व काही पडत नाहीत, या भेदाचे मूळ आनुवंशिकतेत आहे काय, हे त्यांना पाहावयाचे होते. त्यासाठी निवडक प्रजननाने त्यांनी उंदरांचे प्रतिकारक व संवेदनशील असे वाण तयार केले. १९३३ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस नगरात मस्तिष्कशोथाची मोठी साथ आली. तिचा विषाणू डासांमार्फत पसरतो हे पुढे सिद्ध झाले. हाच विषाणू वेब्स्टर यांनी आपल्या वाणांवर पारखला. प्रतिकारक उंदरांच्या मेंदूच्या ऊतकात, शरीराबाहेर वाढविले असतानाही, विषाणूची वाढ कमी होते, असे त्यांनी व जॉन्सन यांनी १९४१ मध्ये नोंदविले. ज्या ठिकाणी रक्त नाही आणि प्रतिपिंडे नाहीत, त्या ठिकाणीही भेद टिकून राहिला होता.

१९५२ मध्ये अल्बर्ट सेबिन यांनी हा प्रश्न अधिक नेमका केला. रॉकफेलर संस्थेच्या प्रिन्स्टन येथील वाणाचे उंदीर पीतज्वराचा १७डी विषाणू मेंदूत टोचूनही जगत. इतर वाणांचे मरत. दोन्ही वाणांच्या संकराची पहिली पिढी प्रतिकारक निघाली. तिचा संवेदनशील वाणाशी पुन्हा संकर केला असता सुमारे निम्मी संतती प्रतिकारक झाली. मेंडेलच्या नियमानुसार याचा अर्थ एकच होतो : हा गुण एका प्रभावी जनुकावर अवलंबून आहे. शिवाय त्याचे क्षेत्र मर्यादित होते. पश्चिम नाईल, जपानी मस्तिष्कशोथ, डेंग्यू अशा पीतज्वराच्या कुळातील विषाणूंना तो अडवी. डासांमार्फतच पसरणाऱ्या पण अन्य कुळातील पश्चिमी अश्व मस्तिष्कशोथाच्या विषाणूला मात्र अडवीत नसे.

दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, गुडमन व कोप्रोव्स्की यांनी दोन्ही वाणांच्या भक्षिकोशिका वेगळ्या काढून त्यांवर पश्चिम नाईल विषाणू सोडला. प्रतिकारक उंदरांच्या भक्षिकोशिकांत त्याचे उत्पादन पुष्कळ कमी झाले. मेच्निकॉफ यांनी ज्या कोशिकांकडे बोट दाखविले होते, त्या आठ दशकांनी पुन्हा प्रश्नाच्या केंद्रस्थानी आल्या.

५

याच काळात दुसऱ्या एका वाटेने उत्तराकडे प्रवास चालू होता, आणि तिचा आरंभही पीतज्वरातच होता. १९३५ मध्ये हॉस्किन्स यांना आढळले की, पीतज्वराच्या विषाणूचा मज्जासंस्थेस अनुकूल झालेला प्रकार माकडास दिला, तर त्याच सुमारास दिलेल्या मूळ मारक प्रकारापासून त्याचे रक्षण होते. १९३७ मध्ये फिंडले व मॅकॅलम यांनी याहून आश्चर्यकारक गोष्ट दाखविली. रिफ्ट दरी ज्वराचा विषाणूही, पीतज्वराशी त्याचे नाते नसताना, माकडांना पीतज्वरापासून वाचवितो. प्रतिपिंडे तयार होण्यास वेळ लागतो आणि ती विशिष्ट विषाणूपुरतीच असतात. यास्तव या ‘व्यतिकरणा’चा उलगडा त्यांच्या आधारे होईना. तो १९५७ मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स व लिंडेनमान यांनी केला. विषाणूचा स्पर्श झालेली कोशिका एक द्रव्य बाहेर टाकते आणि ते शेजारच्या कोशिकांना सावध करते. या द्रव्याला त्यांनी ‘इंटरफेरॉन’ असे नाव दिले.

इंटरफेरॉन सावध करतो म्हणजे काय करतो, याचा एक धागा १९७८ मध्ये कर व ब्राउन यांच्या हाती आला. इंटरफेरॉनच्या प्रभावाखालील कोशिकांत एक एंझाइम तयार होते. विषाणूच्या वाढीत निर्माण होणारे दुपदरी आरएनए आढळताच ते ॲडेनिलाच्या लहान साखळ्या जोडते. या साखळ्या दुसऱ्या एका एंझाइमला जागृत करतात आणि ते आरएनएचे तुकडे करते. येथे शत्रूची ओळख व्यक्तिशः होत नाही, त्याच्या चालीवरून होते. उपजत प्रतिकाराचे हेच वैशिष्ट्य होय.

६

१९९९ मध्ये पश्चिम नाईल विषाणू न्यूयॉर्कमध्ये अवतरला आणि सेबिन यांच्या उंदरांचा प्रश्न पुन्हा निकडीचा झाला. २००२ मध्ये अमेरिकेत पेरेलिजिन, ब्रिंटन आणि त्यांचे सहकारी यांनी, तसेच पॅरिसच्या पाश्चर संस्थेत माशिमो व त्यांचे सहकारी यांनी स्वतंत्रपणे तो जनुक शोधून काढला. तो ‘ओएएस१बी’ हा निघाला; म्हणजे साखळ्या जोडणाऱ्या त्याच एंझाइमांच्या कुटुंबातील एक घटक. दोन वाटा अशा रीतीने एका ठिकाणी मिळाल्या.

पण खरा बोध पुढे होता. प्रतिकारक उंदरांत हा जनुक पूर्ण प्रथिन घडवितो. तपासलेल्या संवेदनशील वाणांत मात्र त्याच्यामध्येच एक विरामसंकेत शिरलेला असून प्रथिन अर्धवट तुटते. १९७४ मध्येच डार्नेल, कोप्रोव्स्की व लागरस्पेत्स यांनी अमेरिकेतील रानटी उंदरांमध्ये प्रतिकारक गुण आढळतो असे दाखविले होते. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे चित्र उलटे होते. प्रतिकार ही काही उंदरांना लाभलेली असामान्य देणगी नव्हती. ती त्या प्राण्याची मूळ मालमत्ता होती आणि प्रयोगशाळेतील प्रचलित उंदीर ती गमावून बसला होता. सत्तर वर्षे ज्याला ‘सामान्य’ समजले गेले तो खरा अपवाद होता.

प्रश्न यामुळे संपला असे नव्हे. इंटरफेरॉनविरोधी रक्तद्रव देऊनही या उंदरांचा प्रतिकार नाहीसा होत नाही, असे ब्रिंटन व सहकाऱ्यांनी १९८२ मध्येच दाखविले होते. पुढील अभ्यासांत असेही दिसून आले की, हे विशिष्ट प्रथिन आपल्या कुटुंबाचे साखळ्या जोडण्याचे काम करीतच नाही. ते कोशिकेतील पटलांशी निगडित राहून अन्य मार्गाने विषाणूला रोखते. कुळ सापडले म्हणून कार्य कळले, असे समजणे येथे चुकीचे ठरले.

७

या इतिहासाकडे केवळ गतकाळातील चूक म्हणून पाहता येत नाही. संवेदनशील उंदीर नसता तर पीतज्वराच्या पाहण्या झाल्या नसत्या, आणि भारतातील डासवाहित विषाणूंचा पहिला नकाशाही तयार झाला नसता. साधनाने जे दाखविले ते खरेच होते; मात्र ते साधन काय दाखवू शकत नाही याची नोंद ठेवली गेली नाही.

ती नोंद ठेवण्याची गरज आजही आहे. २०१६ मध्ये झिका विषाणूचा अभ्यास सुरू झाला तेव्हा प्रौढ सामान्य उंदीर त्याने आजारी पडेनात. मानवी कोशिकांत इंटरफेरॉनचा संदेश पुढे नेणाऱ्या ‘स्टॅट२’ या प्रथिनाचा हा विषाणू नाश करतो; उंदरातील त्याच प्रथिनावर मात्र त्याचा इलाज चालत नाही, असे त्याच वर्षी दिसून आले. तेव्हा इंटरफेरॉनचे ग्राही काढून टाकलेले उंदीर प्रयोगास घेण्यात आले. फरक एवढाच की, १९३० मध्ये संरक्षण हरवलेला उंदीर नकळत निवडला गेला आणि २०१६ मध्ये तो जाणूनबुजून निवडला गेला. अशा उंदरावरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष त्या उणिवेसह वाचावा लागतो. आणि प्रयोगशाळेत जो प्राणी मरत नाही, त्याची नोंद मरणाऱ्याइतकीच काळजीपूर्वक करावी लागते.