मोतद्दाराचे वाद्य आणि उजवा हात

स्पॅनिश भाषेत 'रास्गार' म्हणजे फाडणे, टरकावणे. गिटारच्या सगळ्या तारांवरून उजव्या हाताची बोटे एकापाठोपाठ झपाट्याने फिरवण्याच्या क्रियेला याच क्रियापदाच्या कुळातले 'रास्गेआदो' हे नाव आहे. एकेक तार निवडून छेडण्याला 'पुन्तेआदो' म्हणतात. स्पेनमधील गिटारचा इतिहास हा बराचसा या दोन शब्दांच्या भांडणाचा इतिहास आहे. फ्लामेंकोविषयी लिहिताना 'पारंपरिक' आणि 'आधुनिक' अशी जी सरळ कालानुक्रमी विभागणी केली जाते, ती निदान उजव्या हाताच्या बाबतीत टिकत नाही, असे आम्हांस वाटते.

या भांडणाचा पहिला ठळक साक्षीदार संगीतकार नसून कोशकार आहे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांना रुचावी. सेबास्तियान दे कोवार्रुबियास याने १६११ मध्ये स्पॅनिश भाषेचा मोठा कोश सिद्ध केला. त्यात 'विहुएला' या अभिजनांच्या वाद्याची नोंद करताना त्याने हळहळ व्यक्त केली आहे, की गिटार आल्यापासून विहुएला शिकणारे फारसे उरले नाहीत. गिटार, विशेषतः तारा खरडून वाजवली जाणारी, इतकी सोपी की घोड्यांचे मोतद्दारही वादक होऊन बसले, ही त्याची तक्रार. चारच वर्षांनी 'दोन किहोते'च्या दुसऱ्या भागात (१६१५) न्हावी म्हटला की तो बहुधा गिटार वाजवणारा आणि पदे रचणारा असायचाच, असे सर्वान्तेसचा नायक गृहीत धरतो. १६१३ मधील त्याच्या एका कथेत तर संशयी म्हाताऱ्या नवऱ्याच्या कुलूपबंद घरात शिरू पाहणारा तरुण दारावरच्या गुलामाला गिटार शिकवण्याच्या मिषानेच आत प्रवेश मिळवतो. मोतद्दार, न्हावी, गुलाम : रास्गेआदोची ही सामाजिक कुंडली आहे.

मात्र हे वादन 'अशिक्षित' होते असे मानण्यास आधार नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जोआन कार्लेस आमात या कातालान वैद्याने पाच जोडतारांच्या गिटारचे स्वरमेळ आकड्यांनी शिकवणारी पुस्तिका लिहिली आणि ती पुढे दीर्घकाळ छापली जात राहिली. १६०६ मध्ये इटलीत जिरोलामो मोन्तेसार्दोने प्रत्येक स्वरमेळाला एकेक मुळाक्षर देणारी पद्धत छापून काढली. एका आडव्या रेषेवर अक्षरे, आणि रेषेखाली वा रेषेवर छोटे दंड : खालचा दंड म्हणजे हात खाली, वरचा म्हणजे हात वर. न्हाव्याच्या दुकानातल्या वाद्याला चक्क स्वतःची लिपी होती! त्या लिपीत एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे कोणते बोट. ती उणीव काही ग्रंथकार प्रस्तावनेत शब्दांनी भरून काढीत. फ्रान्चेस्को कोर्बेत्ताने १६७१ च्या पॅरिसमधील ग्रंथात 'रेपीको' नावाच्या जलद खरडीचे वर्णन केले आहे, आणि त्यात बोटांच्या जोडीने अंगठाही फिरतो. वाचकांनी हा अंगठा लक्षात ठेवावा.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जोडतारांच्या जागी सहा सुट्या तारा आल्या, गिटार मैफलीत गेली, पुन्तेआदोला स्वरलेखन मिळाले. खरड मागे राहिली ती माजघरात, सरायांत आणि दुकानांत. खडबडीत, तारा झोडपणाऱ्या वादनाला फ्लामेंकोच्या बोलीत आजही 'न्हाव्याच्या धाटणीचे' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आन्दालुसियातील 'काफे कान्तान्ते' या गायन-उपाहारगृहांत (सेव्हियामधील सिल्वेरिओ फ्रांकोनेत्तीचे त्यांत विशेष गाजले) याच खरडीला नवे काम मिळाले. नर्तकीच्या टाचा, टाळ्या आणि फुटलेल्या गळ्याचा गायक यांच्यामध्ये ध्वनिवर्धकाविना ऐकू येणे, आणि बारा मात्रांचे आवर्तन घट्ट धरणे. 'सोलेआ'त जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर येतो. चरण बहुधा दहावीवर विसावतो आणि उरलेल्या दोन मात्रा खरडीने भरल्या जातात. आपल्या एकतालातही मात्रा बाराच, पण तेथे लक्ष समेवर, आवर्तनाच्या आरंभाकडे. येथे ओढ शेवटाकडे.

याच टप्प्यावर आपल्याकडील काही उत्साही मंडळी स्पेनमधील रोमा समाजाचे भारतीय मूळ पुढे करून रास्गेआदोचे नाते थेट सतारीच्या 'दा-रा'शी जोडतात. रोमांची भाषा भारतीय कुळातील आहे, हे खरेच. पण खरडीचा जो पुरावा आपण वर पाहिला तो कातालान वैद्याचा आणि इटालियन दरबारी वादकांचा आहे. अभिमानाला येथे जागा नाही.

पारंपरिक रास्गेआदो असे : अंगठा खर्जाच्या तारेवर टेकलेला; करंगळी, अनामिका, मधले बोट, तर्जनी क्रमाने बाहेर उलगडतात, नखांची पाठ तारांवर आपटते, आणि पुष्कळदा तर्जनी वर परतते. चार बोटांचे बळ सारखे नसते. करंगळीचा आघात पुसट, तर्जनीचा ठाशीव. म्हणून प्रत्येक उलगडणीला चढण असते आणि जोर आपसूक मात्रेवर जाऊन पडतो. राफाएल मारीनने १९०२ मध्ये फ्लामेंको गिटारचे आद्य पाठ्यपुस्तक छापले, तेव्हा हातातून हातात गेलेली ही विद्या कागदावर आली. १९२२ च्या ग्रानादा येथील गायनस्पर्धेसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत मान्वेल दे फाल्याने लोकांतील गिटारचे मोल केवळ लयीचे नसून स्वरसंवादाचेही आहे, असे बजावले आणि ग्रानादातील मुर्सियानोचे वादन ऐकून रशियन संगीतकार ग्लिंका कसा भारावला होता, याची आठवण दिली. तरीही प्रतिष्ठा पुन्हा पुन्तेआदोलाच मिळाली : रामोन मोन्तोयाने अभिजात गिटारकडून घेतलेली कंपने आणि स्वरमालिका फ्लामेंकोत रुजवल्या, आणि १९३६ मध्ये पॅरिसमध्ये त्याचे एकल वादन ध्वनिमुद्रित झाले.

'आधुनिक' म्हणून जे शिकवले जाते त्यात दुबळी करंगळी पुष्कळदा गाळली जाते आणि टेकलेला अंगठा मोकळा सुटतो. मनगट पंख्यासारखे फिरते : अंगठा वर, बोटे खाली, अंगठा खाली. तीन आघात, जवळपास समान वजनाचे, हवे तितके सलग. म्हणजे कोर्बेत्ताने शब्दांत पकडलेला अंगठा तीनशे वर्षांनी परतला. या दोहोंत सलग परंपरा आहे असा आमचा दावा नाही. पण ज्याला आपण शोध म्हणतो त्याच्याशी हाताची जुनी ओळख होती.

या समानतेची किंमत मोजावी लागते, असे आमचे मत आहे. अखंड, एकसारखा गडगडाट थक्क करतो, पण त्यात श्वास कोठे घ्यायचा ते ऐकणाऱ्याला कळत नाही. पाको दे लुसीआच्या (१९४७–२०१४) अनुकरणकर्त्यांची बरीच ध्वनिमुद्रणे याची साक्ष देतील. स्वतः पाकोचे तसे होत नाही, कारण त्याची उमेदवारी नृत्याच्या साथीत झाली. किशोरवयात तो होसे ग्रेकोच्या नृत्यसंचासह अमेरिकेत फिरला, आणि १९६९ पासून कामारोनच्या गळ्यामागे बसला. त्या ध्वनिमुद्रणांत गायक शब्द उच्चारीत असतो तेव्हा गिटार बहुतेक वेळ दबून असते. खरड येते ती ओळ संपल्यावर, आवर्तन मिटवायला, आणि नेमक्या जागी ती तुटते.