नोंदवहीतील कोरी चार वर्षे : रशीद मखलूफीची कारकीर्द

१/
व्यावसायिक फुटबॉलपटूची कारकीर्द अभ्यासताना आपण प्रथम तक्ता पाहतो : क्लब, हंगाम, सामने, गोल. रशीद मखलूफी या आघाडीच्या खेळाडूच्या तक्त्यात १९५४ ते १९५८ या काळापुढे फ्रान्समधील सेंत एत्येन क्लबचे नाव दिसते. त्यानंतरची नोंद थेट १९६२ची. मधली चार वर्षे कोरी आहेत. आजचा धागा या कोऱ्या जागेविषयी.

२/
या चार वर्षांत तो जायबंदी नव्हता, निवृत्तही झाला नव्हता. तो खेळत होता आणि गोलही करत होता : ट्यूनिसमध्ये, बेलग्रेडमध्ये, हनोईमध्ये. परंतु ज्या देशासाठी तो खेळत होता, तो देश तेव्हा जगाच्या नकाशावर नव्हता. त्यामुळे त्याच्या गोलांना अधिकृत नोंदवहीत जागा मिळाली नाही.

३/
थोडी पार्श्वभूमी. फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीयर्स जिंकले आणि १८४८ मध्ये अल्जीरिया हा फ्रान्सचाच भूभाग असल्याचे घोषित केले. कायद्याच्या भाषेत ती वसाहत नव्हतीच. व्यवहारात चित्र वेगळे होते. १९४७च्या कायद्याने स्थापन झालेल्या अल्जीरियन सभेत १२० जागा होत्या. त्यांपैकी ६० जागा मुख्यतः सुमारे ९ लाख युरोपीय रहिवाशांच्या मतदारसंघाला आणि उरलेल्या ६० जागा सुमारे ८० लाख मुस्लीम जनतेला.

४/
मखलूफीचा जन्म १२ ऑगस्ट १९३६चा, पूर्व अल्जीरियातील सेतिफ शहरातला. ८ मे १९४५ रोजी युरोप नाझींवरील विजय साजरा करत असताना सेतिफमध्येही मिरवणूक निघाली. तिच्यात अल्जीरियाचा ध्वज दिसताच पोलिसांनी गोळीबार केला. उसळलेल्या दंगलीत सुमारे शंभर युरोपीय मारले गेले. त्यानंतरच्या लष्करी कारवाईत किती अल्जीरियन मेले, याचा वाद आजही मिटलेला नाही. तत्कालीन फ्रेंच सरकारचा आकडा सुमारे एक हजार, अल्जीरियाचा अधिकृत आकडा ४५ हजार. बहुतेक इतिहासकारांचे अंदाज या दोहोंच्या मधले आहेत. मखलूफी तेव्हा आठ वर्षांचा होता.

५/
१९५४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो सेंत एत्येनला आला. प्रशिक्षक जाँ स्नेला यांनी त्याला पारखले आणि ठेवून घेतले. हे नाव लक्षात ठेवा; पुढे ते पुन्हा येईल. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राष्ट्रीय मुक्ती आघाडीने, म्हणजे ‘एफएलएन’ने, अल्जीरियात सशस्त्र लढा सुरू केला. मखलूफीची व्यावसायिक कारकीर्द आणि अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध ही जवळजवळ समवयस्क आहेत.

६/
सेंत एत्येन हे कोळशाच्या खाणींचे आणि शस्त्रनिर्मितीचे शहर. फ्रेंच सैनिकांच्या हाती अल्जीरियात जी ‘मास’ बनावटीची बंदूक होती, तिचे नाव याच शहरातील सरकारी शस्त्रकारखान्याच्या आद्याक्षरांवरून पडले होते. ज्या गावात ती बंदूक घडत होती, त्याच गावातले प्रेक्षक दर रविवारी सेतिफच्या या मुलाला डोक्यावर घेत होते. वसाहतवादाचे गुंतागुंतीचे रूप समजून घ्यायला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

७/
मैदानावर मात्र त्याचे दिवस सोन्याचे होते. कॅमेरूनच्या यूजीन न्जो लेआसोबत त्याची आघाडीची जोडी जमली आणि १९५७ मध्ये सेंत एत्येनने प्रथमच फ्रान्सचे लीग विजेतेपद मिळवले. त्याच सुमारास मखलूफी फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाकडून चार सामने खेळला. पुढे होणाऱ्या १९५८च्या विश्वचषकासाठी त्याचे नाव चर्चेत होते. वय अवघे एकवीस.

८/
इथे ‘व्यावसायिक’ या शब्दाचा तेव्हाचा अर्थ पाहिला पाहिजे. त्या काळी फ्रान्समध्ये करारावर सही करणारा खेळाडू वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत क्लबशी बांधला जाई. त्याला विकायचे की ठेवायचे, हे क्लब ठरवी. याच व्यवस्थेविरुद्ध १९६१ मध्ये खेळाडूंची संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांत न्जो लेआ आणि ज्यूस्त फाँतेन होते. म्हणजे १९५८ मध्ये क्लब सोडून जाणे हा केवळ राजकीय निर्णय नव्हता. आपल्याच पोटावर पाय देण्यासारखे ते होते.

९/
मखलूफीच्या बाबतीत धोका आणखी मोठा होता. तो त्या वेळी सक्तीची लष्करी सेवा करत होता. फ्रान्सच्या लष्करी संघातून तो १९५७ मध्ये सैनिकांच्या जागतिक स्पर्धेचे विजेतेपदही मिळवून आला होता. त्यामुळे इतरांसाठी जो करारभंग ठरला असता, तो त्याच्यासाठी युद्धकाळात सैन्यातून पळून जाण्याचा गुन्हा होता.

१०/
योजना होती महंमद बुमेझराग यांची. अल्जीरियन असलेल्या पण फ्रेंच क्लबांत नावाजलेल्या खेळाडूंना गुपचूप बाहेर काढून ट्यूनिसमध्ये, आघाडीच्या तळावर, ‘अल्जीरियाचा राष्ट्रीय संघ’ उभा करायचा. एकेकाला गाठून विचारण्यात आले. दिवस ठरला एप्रिल १९५८च्या मध्यावरचा, विश्वचषकाला दोन महिने उरले असतानाचा. वेळ हेतुपुरस्सर निवडलेली होती.

११/
१३ एप्रिलच्या क्लबच्या सामन्यात मखलूफीच्या डोक्याला मार बसला. दुसऱ्या दिवशी अब्देलहमीद केरमाली आणि मुख्तार अरीबी हे सेतिफ परिसरातलेच दोन ज्येष्ठ खेळाडू त्याला घेऊन निघाले. मोटारीने स्वित्झर्लंडची हद्द, तिथून इटली आणि पुढे ट्यूनिस. इतर खेळाडू वेगळ्या वाटांनी निघाले. सगळेच पोहोचले नाहीत; रीम्स क्लबचा महंमद माऊश पकडला गेला आणि पुढे बऱ्याच काळाने संघात दाखल झाला.

१२/
फ्रान्सला धक्का बसला तो संख्येपेक्षा नावांमुळे. मोनॅकोचा बचावपटू मुस्तफा झितूनी १६ एप्रिलला स्वित्झर्लंडविरुद्ध फ्रान्सकडून खेळणार होता. तो आदल्या दिवसांतच नाहीसा झाला. अल्जीरियातील युद्धाला फ्रेंच सरकार ‘युद्ध’ म्हणत नसे. ती केवळ ‘सुव्यवस्था राखण्याची कारवाई’ होती. आता रोज क्रीडापान वाचणाऱ्या सामान्य फ्रेंच माणसालाही प्रश्न पडला : सगळे सुरळीत आहे, तर आपले खेळाडू गेले कुठे आणि का?

१३/
जूनमध्ये स्वीडनमध्ये विश्वचषक झाला. फ्रान्स तिसरा आला. ज्यूस्त फाँतेनने १३ गोल केले. एका विश्वचषकातील हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. फाँतेनचा जन्म मोरोक्कोतील माराकेशचा. त्या आघाडीच्या फळीत मखलूफीला जागा मिळाली असती का, हा प्रश्न रम्य आहे. पण इतिहासाला तो सोडवता येत नाही. त्याने ती संधी स्वतः नाकारली, एवढेच निश्चित.

१४/
आता या धाग्यातील सर्वांत महत्त्वाची तारीख. अल्जीरियाचे हंगामी सरकार कैरोमध्ये जाहीर झाले १९ सप्टेंबर १९५८ रोजी. फुटबॉल संघ जमला तो एप्रिलमध्ये. म्हणजे अल्जीरियाला सरकार मिळण्याआधी पाच महिने अकरा जणांचा संघ होता. आधी राज्यसंस्था निर्माण होते आणि मग ती राष्ट्रीय संघ घडवते, असा आपला समज असतो. इथे क्रम उलटा आहे.

१५/
फ्रेंच महासंघाच्या तक्रारीनंतर फिफाने या संघाला मान्यता नाकारली आणि त्याच्याशी खेळणाऱ्यांवर कारवाईचा इशारा दिला. तरीही १९६२ पर्यंत हा संघ ८०-९० सामने खेळला : उत्तर आफ्रिका, अरब देश, पूर्व युरोप, चीन, उत्तर व्हिएतनाम. फिफाचा रोष टाळण्यासाठी यजमान अनेकदा राष्ट्रीय संघाऐवजी शहराचा किंवा कामगार संघटनेचा संघ म्हणून मैदानात उतरत. १९६१ मध्ये बेलग्रेडला युगोस्लाव्हियाच्या संघावर मिळवलेला ६-१ हा विजय सर्वाधिक गाजला.

१६/
गोलांइतकेच महत्त्व सामन्याआधीच्या काही मिनिटांना होते. परक्या देशाच्या मैदानावर ध्वज चढे, राष्ट्रगीत वाजे आणि हजारो लोक उभे राहत. संयुक्त राष्ट्रांत ज्या मान्यतेसाठी मुत्सद्दी झगडत होते, तिची छोटीशी झलक इथे मिळत होती. हनोईत तर या भेटीला वेगळाच अर्थ होता. १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या लढाईत फ्रेंच सैन्यातून लढणाऱ्यांमध्ये अल्जीरियन शिपाईही होते. पाच वर्षांनी अल्जीरियन तरुण तिथे पाहुणे म्हणून आले होते.

१७/
ही कथा केवळ त्यागाची गौरवगाथा म्हणून सांगणे मात्र अपुरे ठरेल. फ्रान्समधील अल्जीरियन वस्त्यांत एफएलएन आणि मेसाली हाज यांच्या प्रतिस्पर्धी संघटनेत रक्तरंजित संघर्ष चालू होता. त्यात हजारो अल्जीरियन आपल्याच लोकांच्या हातून मारले गेले. वर्गणी सक्तीने वसूल होई. अशा वातावरणात आघाडीचा निरोप आल्यावर ‘नाही’ म्हणणे कितपत मोकळेपणाने शक्य होते? मखलूफीने हा निर्णय आयुष्यभर आपलाच मानला. तरीही हा प्रश्न विचारणे आपले काम आहे.

१८/
किंमतही नीट मोजली पाहिजे. डॉक्टर किंवा वकील चार वर्षे चळवळीत घालवून पुन्हा व्यवसायात परतू शकतो. स्ट्रायकरचे शरीर थांबत नाही. एकवीस ते पंचवीस ही त्याची ऐन उमेदीची वर्षे. त्यात मखलूफी ना लीग खेळला, ना युरोपीय स्पर्धा, ना विश्वचषक. झितूनी तर तिशीत पोहोचत होता. फ्रेंच मैदानांवरची त्याची कारकीर्द तिथेच संपली.

१९/
मार्च १९६२ मध्ये एव्हियाँचा करार झाला आणि ५ जुलैला अल्जीरिया स्वतंत्र झाला. मखलूफी आधी जिनिव्हाच्या सर्वेत क्लबकडे गेला. तिथे प्रशिक्षक कोण? तेच जाँ स्नेला. त्या हंगामात सर्वेत स्वित्झर्लंडचा विजेता ठरला. मग सेंत एत्येनने त्याला परत बोलावले. क्लब तेव्हा दुसऱ्या श्रेणीत घसरला होता आणि शहरातील कित्येक घरांतली मुले नुकतीच अल्जीरियातून परतली होती. काही परतलीच नव्हती.

२०/
पुनरागमनाच्या सामन्याविषयी मखलूफी पुढे सांगत असे की, तो मैदानात आला तेव्हा प्रेक्षक गप्प होते. ना शिट्ट्या, ना जयघोष. चेंडू पायाशी आला, दोन-चार चाली झाल्या आणि मग टाळ्या सुरू झाल्या. ही त्याचीच आठवण आहे, म्हणून ती एक साक्ष म्हणूनच वाचावी. पण पुढचे निकाल नोंदवहीत आहेत : १९६३ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत परतला आणि १९६४, १९६७, १९६८ अशी तीन लीग विजेतेपदे मिळाली.

२१/
१२ मे १९६८. फ्रेंच चषकाचा अंतिम सामना, सेंत एत्येन विरुद्ध बोर्दो. निकाल २-१, दोन्ही गोल मखलूफीचे. दोनच रात्रींपूर्वी पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांनी रस्त्यांवर अडथळे रचले होते. दुसऱ्या दिवशी देशव्यापी संप होणार होता. विजेत्यांना चषक देण्यासाठी उपस्थित होते राष्ट्राध्यक्ष द गॉल. बरोबर दहा वर्षांपूर्वी, मे १९५८ मध्ये, अल्जीरियाच्याच प्रश्नाने त्यांना सत्तेवर परत आणले होते. एका युद्धाने दोन दिशांना फेकलेली ही दोन माणसे त्या दिवशी समोरासमोर उभी होती.

२२/
पुढचे थोडक्यात. बास्तियाकडून खेळून तो मायदेशी परतला. १९७५च्या भूमध्यसागरी क्रीडास्पर्धेत, अल्जीयर्समध्ये, त्याच्या मार्गदर्शनाखालील अल्जीरियाने अंतिम सामन्यात फ्रान्सला ३-२ असे हरवले. १९८२च्या विश्वचषकात महिएद्दीन खालेफ यांच्यासोबत तो प्रशिक्षक होता. हिहोनमध्ये अल्जीरियाने पश्चिम जर्मनीवर २-१ असा विजय मिळवला. काही दिवसांनी त्याच मैदानावर जर्मनी-ऑस्ट्रिया सामना दोघांच्याही सोयीच्या १-० निकालावर रेंगाळला आणि अल्जीरिया बाहेर पडला. आज गटातील शेवटचे सामने एकाच वेळी होतात, ते या प्रकरणामुळे.

२३/
८ नोव्हेंबर २०२४ रोजी, वयाच्या ८८व्या वर्षी मखलूफीचे निधन झाले. एकेकाळी तो फ्रान्सच्या दृष्टीने पळपुटा सैनिक होता आणि अल्जीरियाच्या दृष्टीने वीर. स्वातंत्र्यानंतर ‘शत्रू’च्या लीगमध्ये परतला म्हणून तो कमी अल्जीरियन झाला नाही आणि सेंत एत्येनवर जीव लावला म्हणून फ्रेंच साम्राज्याचा समर्थकही ठरला नाही. गद्दार आणि देशभक्त या दोनच खणांत माणसे कोंबायची सवय लागलेल्यांनी हे आयुष्य जरूर वाचावे.

२४/
आणि अभ्यासाच्या दृष्टीने शेवटचा मुद्दा. नोंदवही कोण ठेवते, यावर काय नोंदले जाईल हे ठरते. फिफासाठी त्या चार वर्षांत काहीच घडले नाही. अल्जीरियासाठी मात्र राष्ट्रीय संघाची कथा तिथूनच सुरू होते. तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी एखाद्या कागदपत्रात किंवा खेळाडूच्या तक्त्यात अशी कोरी जागा दिसली, तर ती ओलांडून पुढे जाऊ नका. तिथे थांबा आणि विचारा : ही जागा रिकामी कोणी ठेवली?

धागा समाप्त. अशीच कोरी जागा असलेला एखादा खेळाडू तुम्हाला ठाऊक असेल, तर खाली जरूर लिहा.