कष्टार्तव व अनियमित ऋतुस्राव : चिकित्सेचा इतिहास

ऋतुस्रावाच्या वेळी ओटीपोटात होणाऱ्या तीव्र वेदनांना कष्टार्तव म्हणतात. जननेंद्रियांत उघड विकृती नसताना होणारे ते प्राथमिक आणि एखाद्या विकृतीमुळे उद्भवणारे ते दुय्यम कष्टार्तव होय. या वेदनांचे वर्णन प्राचीन असले, तरी त्यांचे कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच स्पष्ट झाले. तोपर्यंत चिकित्सा बव्हंशी तर्कावर आधारलेली होती.

चरकसंहितेतील वीस योनिव्यापदांत ‘उदावर्तिनी’चा समावेश आहे. तीत वात ऊर्ध्वगामी झाल्याने रज कष्टाने बाहेर पडते व स्राव होताच स्त्रीला आराम वाटतो, असे सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत ‘आर्तवक्षया’च्या लक्षणांत योग्य काळी स्राव न दिसणे, तो अल्प असणे व योनिवेदना यांची एकत्र नोंद आहे. ग्रीसमधील हिपॉक्राटीझ परंपरेच्या ग्रंथांत स्रावाचा अवरोध हे कारण मानून विवाह व गर्भधारणा हे उपाय सुचविले आहेत.

एकोणिसाव्या शतकात अवरोधाच्या याच कल्पनेतून गर्भाशयग्रीवेचे विस्फारण करण्यात येऊ लागले. १८७२ मध्ये अमेरिकन शल्यचिकित्सक रॉबर्ट बॅटी यांनी तीव्र ऋतुविकारावर अंडकोश काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली. पुढे निरोगी भासणारे अंडकोशही काढण्याची प्रथा पसरली व दुष्परिणाम ध्यानात आल्यावर ती मागे पडली. विसाव्या शतकात पुष्कळ काळ या वेदनांचे मूळ स्त्रीच्या मनोवृत्तीत शोधले जात होते.

१९४० मध्ये स्टर्जिस व ऑल्ब्राइट यांनी स्त्रीमदजनाने अंडमोचन रोखल्यास वेदना टळतात, असे दाखविले. १९५७ मध्ये व्ही. आर्. पिकल्झ यांना ऋतुस्रावात स्नायूंचे आकुंचन घडविणारे द्रव्य आढळले. ते प्रोस्टाग्लँडीन वर्गातील असल्याचे नंतर सिद्ध झाले. अंडमोचनानंतर प्रगर्भरक्षी हॉर्मोनाची पातळी घटली की गर्भाशयाच्या अंतःस्तरात ही द्रव्ये वाढतात, स्नायू जोराने आकुंचन पावतात, रक्तपुरवठा कमी होतो व वेदना होतात. अंडमोचनाविना होणारा स्राव सामान्यतः वेदनारहित का असतो, याचाही उलगडा यामुळे झाला. ॲस्पिरीनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. आयबुप्रोफेन व मेफेनॅमिक अम्ल यांचा उपयोग याच तत्त्वावर होतो. ओटीपोट शेकण्याच्या घरगुती उपायानेही आराम मिळतो.

अनियमित स्रावाचे एक महत्त्वाचे कारण असलेल्या बहुपुटी अंडकोशाच्या लक्षणसमूहाचे वर्णन स्टाइन व लेव्हेंथॉल यांनी १९३५ मध्ये केले. दुय्यम कष्टार्तवास पुष्कळदा कारणीभूत होणाऱ्या अंतःस्तराच्या अस्थानी वाढीची उपपत्ती जॉन सॅम्पसन यांनी १९२० नंतरच्या दशकात मांडली. मात्र या विकाराचे निदान आजही बरेचदा विलंबाने होते.

कारण ज्ञात झाले, तरी योग्य उपचार सर्वांपर्यंत पोहोचलेले नाहीत. २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या समितीला बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या सर्व शस्त्रक्रिया ऋतुविकारांसाठीच झाल्या असे नाही. परंतु पाळीच्या दिवसांत काम चुकल्यास होणारी मजुरीची कपात, ‘खाडा’ म्हणून भरावा लागणारा दंड व फडावरील सोयींचा अभाव ही त्यांमागील कारणे म्हणून पुढे आली. औषधाने आटोक्यात येऊ शकणाऱ्या दुखण्यासाठीही अवयव गमावण्याची वेळ स्त्रीवर येते, तेव्हा उणीव वैद्यकीय ज्ञानाची नसून श्रमव्यवस्थेची व आरोग्यसेवेची असते.